मावंद्यावाचून यात्रा

काशीयात्रा करून आलेल्या माणसाने मावंदे घातल्यावाचून त्याची यात्रा पुरी होत नाही, असा आपल्याकडील जुना संकेत आहे. गंगेचे पाणी घरी आले, त्याची पूजा झाली आणि चार माणसे पानावर बसून तृप्त होऊन उठली, म्हणजे मग यात्रेकरूच्या पायपिटीचे सार्थक व्हावयाचे. तोपर्यंत तो नुसता फिरून आलेला माणूस. ह्या चालीत भाविकपणा किती आणि भोजनप्रीती किती, ह्याची चिकित्सा करण्याचे हे स्थळ नव्हे. परंतु तिच्या मुळाशी एक शहाणपणाची गोष्ट खास आहे. ती ही की, दूरच्या प्रवासाचे फळ एकट्या प्रवाशाचे नसते. मागे राहिलेल्या गावाचाही त्यात वाटा असतो, आणि तो वाटा मागण्यास गावाला संकोच वाटण्याचे काही कारण नाही.

आज ह्या चालीची आठवण होण्यास निमित्त तीर्थयात्रेचे नसून विद्यायात्रेचे आहे. पॅरिस, लियाँ, ब्रसेल्स, जिनिव्हा, माँट्रियल अशा एखाद्या फ्रेंचभाषी शहरी एक सहामाही शिकून यावयाचे आणि बाकीची पदवी येथे पुरी करावयाची, हा प्रकार आपल्या मोठ्या शहरांतील महाविद्यालयांत आता नवलाचा राहिलेला नाही. 2022 साली विद्यापीठ अनुदान आयोगाने परदेशी विद्यापीठांशी जोडून अभ्यासक्रम चालविण्याचे नियम केले, तेव्हापासून तिकडे मिळविलेले श्रेयांक इकडच्या पदवीत धरून घेण्याची वाट अधिक मोकळी झाली. 2030 सालापर्यंत तीस हजार भारतीय विद्यार्थी आपल्या देशात असावेत, असा संकल्प फ्रान्सच्या अध्यक्षांनी जाहीर केला असून, 2024 च्या जानेवारीत त्याचा पुनरुच्चार करताना, ज्यांना फ्रेंच येत नाही त्यांच्याकरिता आधी भाषा शिकविणारे वर्ग काढण्याचेही आश्वासन दिले. तात्पर्य, दार उघडे आहे, आणि आत या असे बोलावणेही आहे. प्रश्न एवढाच की, त्या दारातून जातो कोण, आणि परत येताना हातात काय घेऊन येतो?

ह्या प्रश्नाचा विचार पुण्यामुंबईच्या दिवाणखान्यात बसून न करता धावड्याच्या पारावर बसून करावा, असे मला वाटते. धावडा हे जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातील, अजिंठ्याच्या डोंगराकडचे गाव. अशा गावी, ओळखीपाळखीतला कोणी मुलगा सहा महिन्यांकरिता फ्रान्सला शिकावयास चालला अशी वार्ता येऊन थडकली, म्हणजे दोन तऱ्हेचे उद्गार कानी पडतात. एक म्हणतो, ‘फ्रेंच शिकून का मिरच्या तोडायच्यात?’ दुसरा म्हणतो, ‘पोरगं फॉरिनला चाललं, आता त्याच्या जिंदगीचं कल्याण झालं!’ हे दोन पक्ष केवळ पारावरचे आहेत असे मात्र कोणी समजू नये. हेच दोन पक्ष सुशिक्षितांतही आहेत. फरक एवढाच की, तेथे पहिला पक्ष आपल्या बोलण्यास ‘सामाजिक उपयुक्तता’ म्हणतो आणि दुसरा आपल्या बोलण्यास ‘जागतिक दृष्टी’ म्हणतो. दोन्ही पक्ष चुकत आहेत, असे माझे म्हणणे आहे. आणि दोघांच्याही चुकीचे मूळ एकच आहे. परत येणाऱ्याकडे काही मागावयाचे असते, ही गोष्ट दोघेही विसरले आहेत.

प्रथम पहिल्या पक्षाचा परामर्श घेऊ. त्याचे पहिले म्हणणे असे की, धावड्यासारख्या गावाचा आणि परदेशाचा संबंध काय? ह्या प्रश्नास उत्तर खुद्द भोकरदनच्या मातीनेच दिलेले आहे. भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांची आणि भारहूत येथील स्तूपांवर ज्या दात्यांची नावे कोरलेली आहेत, त्यांत भोगवर्धनचे लोक आहेत. 1973 साली येथे उत्खनन झाले, तेव्हा हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती सापडली; आणि इटलीतील पाँपेई शहराच्या राखेखाली 1938 साली जी भारतीय हस्तिदंती मूर्ती सापडली होती, तिच्याशी तिचे साम्य विद्वानांच्या ध्यानी आले. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी ज्या मुलखाच्या कारागिरीचे धागे भूमध्य समुद्रापर्यंत जाऊन पोचत होते, त्या मुलखातल्या मुलास आज ‘तुझा आणि परदेशाचा संबंध काय?’ असे विचारणे, हे त्याच्या पूर्वजांस लाज आणणारे आहे.

आणि मिरच्यांचा दाखला तर मोठा मौजेचा! ज्या मिरचीवर ह्या तालुक्यातील कित्येक घरांचा वर्षाचा हिशेब चालतो, ती मिरची मुळात अमेरिका खंडातली. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या गलबतांबरोबर ती आपल्या किनाऱ्यास लागली. ज्ञानेश्वरांच्या काळी कोणाच्या पानात मिरची नव्हती. आज तिला परदेशी म्हणणाऱ्यास लोक वेड्यात काढतील. ती आमची कशाने झाली? कोणी ती विलायतेतून आणून काचेच्या कपाटात ठेवली म्हणून नव्हे. तिचे बी येथल्या रानात पडले, रुजले आणि घरोघरच्या पाट्यावर वाटले गेले म्हणून. परदेशची विद्याही अशीच रुजते. मात्र तिचे रान म्हणजे आपली भाषा होय.

दुसरा आक्षेप असा की, खेड्यातल्या मुलास मराठी धड येत नाही, इंग्रजीची धास्ती वाटते, त्याच्या डोक्यावर फ्रेंचचे तिसरे ओझे कशाला? हा आक्षेप दयाबुद्धीचा दिसतो खरा, पण तो अपमानकारक आहे. धावड्याचा हा सारा प्रदेश 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्या राज्यात 1918 साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. घरी मराठी, कचेरीत उर्दू, जुन्या दप्तरांसाठी मोडी लिपी आणि पुढे वकिली करावयाची तर इंग्रजी, असा संसार मराठवाड्यातल्या माणसाने कोणत्याही भाषाशास्त्रज्ञाचा सल्ला न घेता केलेला आहे. ज्याच्या आजोबाने गरजेपोटी तीन भाषा पेलल्या, त्याच्या नातवास एक भाषा हौसेने पेलणार नाही असे म्हणावयास काय आधार आहे?

तिसरा आक्षेप मात्र विचार करण्यासारखा आहे. तो असा की, फ्रेंचमध्ये जे काही चांगले आहे ते आपल्यापर्यंत इंग्रजीतून येतेच. मोलियरची नाटके हरिभाऊ आपट्यांनी मराठी रंगभूमीवर आणली, ‘मारून मुटकून वैद्यबोवा’ पाहून प्रेक्षक हसले, त्यांस कोणास पॅरिसला जावे लागले नाही. हे खरे आहे. पण नाटकाचे जे झाले ते सर्वच विद्येचे होत नाही. ज्यूल ब्लॉक ह्या फ्रेंच पंडिताने मराठी भाषेच्या घडणीवर जो ग्रंथ लिहिला, त्याचेच उदाहरण घ्या. मराठीतील एकेक ध्वनी आणि एकेक प्रत्यय संस्कृत-प्राकृतापासून कोणत्या वाटेने आला, ह्याचा शास्त्रशुद्ध माग काढणारा तो ग्रंथ पहिल्या महायुद्धानंतर पॅरिसमध्ये फ्रेंच भाषेत छापला गेला. त्याचे इंग्रजी भाषांतर निघाले 1970 साली! म्हणजे इंग्रजीच्या गाळणीतून जे येईल तेवढेच आम्हांस पुरे, असे म्हणून जे स्वस्थ बसले असते, त्यांस आपल्याच मायबोलीचा इतिहास वाचावयास पन्नास वर्षे वाट पाहावी लागली असती. ती पाहावी लागली नाही. कारण 1941 सालीच ‘मराठी भाषेचा विकास’ ह्या नावाने तो ग्रंथ मराठीत अवतरला होता. अवतरविणारे होते वासुदेव गोपाळ परांजपे.

हे परांजपे कोण? कात्यायनाच्या वार्तिकांवर फ्रेंच भाषेत प्रबंध लिहून ज्यांनी पॅरिस विद्यापीठाची डॉक्टरकी मिळविली आणि ज्यांचा तो प्रबंध 1922 साली छापला गेला, तेच हे. व्याकरण आपले, वार्तिककार आपला, आणि प्रबंधाची भाषा फ्रेंच! वरवर पाहणारा म्हणेल की, हा उलटा धंदा झाला. संस्कृत शिकावयास पॅरिसला कशाला जावयाचे? पण ज्याने त्या भाषेत विचार करावयाचे व लिहावयाचे कष्ट घेतले होते, त्याच्याच हातून पुढे ब्लॉकचा ग्रंथ मराठीत आला. प्रबंधाने परांजप्यांस पदवी मिळाली. भाषांतराने मराठीस तिची जन्मकथा मिळाली. पहिली गोष्ट यात्रा, दुसरी मावंदे.

आता दुसऱ्या पक्षाकडे वळू. ह्याची चूक अधिक घातक आहे, कारण ती चूक म्हणून कोणास दिसत नाही. परदेशवारीने मुलाच्या जन्माचे कल्याण होते, असे हा पक्ष धरून चालतो, आणि कल्याण म्हणजे काय हे विचारले की पगाराचा आकडा सांगतो. ह्या पक्षाच्या मुलाचा फ्रेंचशी संबंध कसा जडतो ते पाहा. अकरावी-बारावीस मराठी सोडून तो फ्रेंच घेतो. का? त्या भाषेची ओढ म्हणून नव्हे. तिच्यात गुण भरभरून पडतात म्हणून. दोन वर्षांत क्रियापदांची रूपे पाठ होतात, परीक्षा होते, गुणांची टक्केवारी फुगते आणि महिन्याभरात फ्रेंच विसरली जाते. मराठी मात्र जी सुटली ती सुटलीच. एका भाषेस सोडचिठ्ठी आणि दुसरीशी लग्न नाही, अशी ही दुहेरी हानी होय.

पुढे हाच मुलगा सहा महिन्यांकरिता एखाद्या फ्रेंच शहरी जातो. तेथे तो इंग्रजीतून चालणाऱ्या वर्गांत बसतो, चार भारतीय मुलांबरोबर खोली करून राहतो, खिचडी शिजवितो, हिंदी-इंग्रजीची मिसळ बोलतो, आणि शनिवार-रविवारी एकेक देश ‘उरकतो’. खिचडीस माझी हरकत नाही. परमुलखात पोटास आपले अन्न हवेसे वाटणे स्वाभाविक आहे. ह्या मुलांचे कष्टही मी हलके लेखीत नाही. तिकडील कायद्याने विद्यार्थ्यास वर्षाकाठी 964 तास काम करण्याची मुभा आहे, आणि कित्येक जण ते तास भांडी घासण्यात व पार्सले पोचविण्यात घालवितात. पण सहा महिने ज्या शहरात राहिलो, त्या शहराच्या भाषेत पाववाल्याशी दोन वाक्यांपुढे संभाषण झाले नाही, तेथले वर्तमानपत्र वाचता आले नाही, तेथल्या लोकांचे आपसांत भांडण कशाबद्दल चालले आहे हे कळले नाही, तर त्यास शिक्षण कशासाठी म्हणावयाचे? त्यास मुक्काम म्हणावे. एफेल मनोऱ्यासमोरचे छायाचित्र हे तेथे गेल्याचा पुरावा असेल. तेथे काही शिकल्याचा नव्हे.

येथे एका गोष्टीची कबुली दिली पाहिजे. एखाद्या मुलीच्या बाबतीत, जिला आपल्या गावी सातच्या आत घरात यावे लागते, सहा महिने स्वतःच्या किल्लीने स्वतःचे दार उघडणे, रात्री अकरा वाजता ग्रंथालयातून एकटीने परत येणे आणि आपल्या पैशांचा हिशेब आपण ठेवणे, ही गोष्ट स्वतःच एक विद्या आहे. तीस मी मुक्काम म्हणणार नाही. पण मग तिलाही माझी हीच विनंती की, ती किल्ली कशी वाटली हे तिने परत येऊन आपल्या गावच्या मुलींना मराठीत सांगावे. तिने सांगितले नाही, तर ते स्वातंत्र्य तिच्याबरोबर विमानाने गेले आणि तिच्याबरोबरच मावळले, असे व्हावयाचे.

मावंदे म्हटले की ते गोडधोडच असते असे नाही, हे समजण्यासाठी रघुनाथ धोंडो कर्वे ह्यांचे चरित्र पाहावे. कर्वे गणिताचे प्राध्यापक. 1919 साली ते उच्च गणिताच्या अभ्यासासाठी पॅरिसला गेले. ते गेल्याच्या पुढच्याच वर्षी, 31 जुलै 1920 रोजी, फ्रान्सने कायदा करून संततिनियमनाच्या प्रचारास बंदी घातली. महायुद्धात माणसे फार मेली होती आणि राज्यकर्त्यांस पाळणे हलते हवे होते. ती बंदी 1967 पर्यंत उठली नाही. आणि कर्व्यांनी काय केले? 1921 साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले! परदेशी शिकलेला मनुष्य तिकडचे जे दिसेल ते इकडे आणून ओततो, असे म्हणणाऱ्यांनी ह्या दोन तारखा शेजारी शेजारी लिहून ठेवाव्यात. कर्वे अनुकरण करणारे असते, तर त्यांनी पॅरिसहून बंदी आणली असती. ही आस्था त्यांना पॅरिसमध्येच लाभली असे मी म्हणत नाही; मनुष्य स्वतःचे प्रश्न बरोबर घेऊन प्रवासास निघतो, आणि चांगला प्रवास त्या प्रश्नांस धार लावतो. परक्या शहरात राहून आलेल्यास एवढे निश्चित कळते की, जगातील सुधारलेली म्हणविणारी सरकारेही चुकू शकतात. आणि हे एकदा कळले म्हणजे स्वतःच्या समाजाचे डोळे वटारणे पूर्वीइतके भयंकर वाटत नाही.

समाजाने डोळे वटारलेच. प्राध्यापकाची नोकरी सोडावी लागली. 1927 च्या जुलैत त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढले आणि 1953 साली मृत्यू येईपर्यंत चालविले. ते इंग्रजीत काढले असते तर चार विद्वानांनी वाहवा केली असती आणि पोलिसांचाही त्रास कदाचित कमी झाला असता. त्यांनी ते मराठीत काढले, कारण ज्यांच्या बायका बाळंतपणात मरत होत्या ते लोक मराठी वाचत होते. 1934 साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा त्यांच्या बाजूने उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. कर्व्यांस तरीही दंड झाला. मासिक बंद पडले नाही. सव्वीस वर्षे एक माणूस गावास जेवावयास बोलावीत होता आणि गाव ताट फेकून देत होते. तरी त्याने पंगत उठविली नाही. त्यांची सर्व मते मान्य असोत वा नसोत, ह्याला मी मावंदे म्हणतो.

आणि आंबेडकरांचे नाव निघालेच आहे, तर हेही सांगितले पाहिजे की, 1913 साली ते अमेरिकेस गेले ते बडोदे सरकारच्या शिष्यवृत्तीवर, आणि परत आल्यावर दहा वर्षे त्या संस्थानाची चाकरी करावी असा करार लिहून देऊन. ती चाकरी बडोद्यातील अस्पृश्यतेने त्यांस करू दिली नाही. पण कराराहून मोठी फेड त्यांनी केली. अमेरिकेहून आल्यावर आणि लंडनास पुन्हा जाण्यापूर्वी, 1920 च्या जानेवारीत, त्यांनी ‘मूकनायक’ काढला. तोही मराठीत. कोलंबियात शिकलेल्या पंडितास इंग्रजी येत नव्हते म्हणून नव्हे. ज्यांचे तोंड बांधले होते त्यांची भाषा मराठी होती म्हणून.

आपली ही गोष्ट परक्यांनी मात्र ओळखली आहे. ग्वी द्‌लरी नावाचे फ्रेंच धर्मगुरू महाराष्ट्रात आले, मराठी शिकले, आणि 1956 साली तुकोबांचे अभंग फ्रेंचमध्ये नेऊन त्यांनी पॅरिसमध्ये छापले. 1960 साली विठ्ठलभक्तीवरील त्यांचा प्रबंध पुण्याच्या डेक्कन कॉलेजने प्रसिद्ध केला. अजिंठ्याच्या भिंतींवर कोणकोणत्या जातककथा रंगविल्या आहेत, ह्याचा उलगडा करण्यासाठी आल्फ्रे फूशे ह्या पंडितास निजाम सरकारने बोलाविले. त्याने 1921 साली त्यासंबंधी पॅरिसच्या एका नियतकालिकात अजिंठ्याहून पत्र म्हणून लेख लिहिला. लेणी धावड्यापासून काही कोसांवर. तेथल्या चित्रांची गोष्ट पॅरिसच्या वाचकास शंभर वर्षांपूर्वी कळली. धावड्याच्या किती मुलांच्या कानी फूशेचे नाव पडले असेल? त्यांच्या माणसांनी आपल्या गावी जाऊन पंगत वाढली. आमची माणसे तिकडे जाऊन जेवून आली आणि हात धुऊन मोकळी झाली, असे म्हणण्याची पाळी आली आहे.

ह्यावर कोणी म्हणेल की, कर्वे काय, परांजपे काय, ही मोठी माणसे आणि दीर्घकाळ राहिलेली; विशीतल्या पोरास सहा महिन्यांत काय साधणार? सहा महिने थोडे आहेत, हे मान्य. पण पंढरीची वारीही तीन आठवड्यांचीच असते. वारकरी मात्र वर्षभर माळ घालून असतो. भाषा तिकडे जाऊन शिकावयाची नसते, येथे शिकून तिकडे जावयाचे असते. फ्रेंचमधून चालणाऱ्या अभ्यासक्रमास तिकडील विद्यापीठे बहुधा बी-दोन म्हणून ओळखली जाणारी पायरी मागतात. ती येथे दोन-तीन वर्षे नेटाने अभ्यास केल्यास गाठता येते. जो ती गाठून जाईल, त्याला सहा महिन्यांत एक चांगला लेख भाषांतरावयास, एक शेतकरी-बाजार समजून घ्यावयास, एका ग्रामपंचायतीचा कारभार जवळून पाहावयास वेळ पुरेल. अशी दहा माणसे दहा वर्षे जाऊन आली, तर मराठीत किती भर पडेल ह्याचा हिशेब वाचकांनीच करावा.

दुसरा कोणी म्हणेल की, पैसे बापाचे, श्रम मुलाचे. गावाने वाटा मागावा तो कोणत्या हक्काने? खरे म्हणजे हा प्रश्न कोण विचारतो ते पाहावे. ज्याच्याजवळ आहे तोच तो विचारतो. ज्या विद्यापीठाच्या नावावर हा मुलगा जातो, ते लोकांच्या पैशाने उभे राहिले. ज्या कराराखाली तो जातो, तो त्या विद्यापीठाने केला. देवाणघेवाणीच्या कराराने जाणाऱ्यास तिकडचे शुल्क बहुधा भरावे लागत नाही. घरच्या विद्यापीठाचेच भरावयाचे असते. नाहीतर युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यास फ्रान्सच्या सरकारी विद्यापीठात पदवीच्या वर्षास 2,770 युरो पडतील असे 2019 साली ठरले होते. ही सवलत म्हणजे सार्वजनिक पत होय. सार्वजनिक पतीवर व्यापार करून नफा खाजगी ठेवणे, ह्यास इतर व्यवहारांत आपण काय म्हणतो ते सर्वांस ठाऊक आहे.

आणि ही पत धावड्याच्या मुलापर्यंत पोचते काय? करार होतात ते शहरांतील श्रीमंत संस्थांचे. परवाना मागताना दरमहा 615 युरोंची सोय दाखविण्याची जी अट चालत आली आहे, तिच्या हिशेबाने सहा महिन्यांस काही लाख रुपयांच्या घरात रक्कम जाते. मिरचीचा भाव एका आठवड्यात अर्ध्यावर आलेला ज्याने पाहिला आहे, त्या घरी ही रक्कम म्हणजे डोंगर होय. सरकारची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची परदेश शिष्यवृत्ती आहे आणि ती असावीच; पण ती जागतिक क्रमवारीतील वरच्या विद्यापीठांत पदव्युत्तर पदवी वा डॉक्टरकी करणाऱ्या अनुसूचित जातींच्या व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी आहे. पदवीच्या वर्गातील मुलाच्या एका सहामाहीस तिच्यात जागा नाही. म्हणजे ज्यास जावयास मिळते त्यास काही आणावयाचे नसते, आणि ज्याच्या घरी आणून द्यावयाची खरी निकड, त्यास जावयास मिळत नाही. ह्या विषयातील सगळा अन्याय ह्या एका वाक्यात आहे.

तेव्हा मागणे काय? तीनच गोष्टी. पहिली, सरकारी विद्यापीठाने केलेला प्रत्येक करार त्या विद्यापीठाशी संलग्न असलेल्या सर्व महाविद्यालयांस, भोकरदनच्याही, खुला असावा, आणि निवड होणाऱ्या गरीब विद्यार्थ्याचा सहा महिन्यांचा खर्च विद्यापीठाने किंवा सरकारने उचलावा. दुसरी, तिकडची भाषा येथे शिकल्यावाचून कोणासही जाऊ देऊ नये. आणि ती शिकण्याची सोय जिल्ह्याच्या ठिकाणी करावी. तिसरी, परत येणाऱ्याने एक काम मराठीत करून द्यावे: एखाद्या उपयुक्त लेखाचे भाषांतर, पाहिलेल्या संस्थेचे वर्णन, नाहीतर आपल्या गावच्या शाळेत चार व्याख्याने, आणि त्या कामास तिकडच्या वर्गांइतकेच श्रेयांक द्यावेत. ते दिल्यावाचून त्याची सहामाही पुरी झाली असे धरू नये. ही तिसरी अट प्रथम श्रीमंतांच्या मुलांस लावावी. गरिबाच्या मुलास आधीच घरचे देणे असते. समाजाच्या ऋणाची आठवण त्यालाच तेवढी करून द्यावयाची आणि इतरांस मोकळे सोडावयाचे, हा जुना डाव पुन्हा खेळला जाऊ नये.

एके काळी समुद्र ओलांडून आलेल्यास आपण प्रायश्चित्त देत असू. ते मूर्खपणाचे होते. ते गेले, बरे झाले. पण त्यात निदान इतके तरी होते की, परत आलेला माणूस आपला आहे आणि त्याच्याशी आपल्यास काही कर्तव्य आहे, असे समाज मानीत होता. आज आपण त्यास हार घालतो, पेढे खातो, छायाचित्रे पाहतो आणि घरी जातो. प्रायश्चित्त नको आणि नुसते पेढेही नकोत. धावड्याचा पहिला मुलगा किंवा मुलगी अशी सहामाही पुरी करून एस. टी. तून उतरेल, तेव्हा पारावरच्या मंडळींनी त्याला पगार विचारू नये. जवळ बसवून घ्यावे, चहा द्यावा, आणि विचारावे: तिकडे त्यांच्या भाषेत काय वाचलेस, ते आमच्या भाषेत सांग.